पान अठ्ठ्याऐंशी

४ मार्च

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. लिहिले असं समज. अकरा वर्षांनी तुला लिहायला बसले आहे, तेव्हा कागद गोड बोलण्यात घालवायची माझी इच्छा नाही.

तुझं ‘सुयांचं रान’ काल टपालानं पोचलं. बांधणी छान. कागद गुळगुळीत. मुखपृष्ठावर तूच आहेस, गुडघा टेकून बसलेला, हातात सुईपानांच्या झाडाचं बोंड, म्हणजे शंकू, आणि चेहरा असा की तो शंकू तुझा सल्ला घेऊनच वाढला असावा. मागच्या बाजूला पेपरवाल्यांनी तुला बहाल केलेलं नाव ठळक अक्षरात: ‘रानमित्र’. रानाला कोणी विचारलं होतं का रे?

मुखपृष्ठापासूनच सुरू करते. फोटोखाली लिहिलंय, ‘फरचा शंकू, जमिनीवर सापडलेला.’ फरचा शंकू जमिनीवर सापडत नाही. तो फांदीवर मेणबत्तीसारखा उभा असतो, आणि पिकला की तिथल्या तिथे खवला खवला सुटून उडून जातो. मागे राहतो नुसता दांडा. अख्खा खाली पडतो तो स्प्रूसचा, कारण तो मुळात लोंबत असतो. तुझ्या हातात स्प्रूस आहे. म्हणजे लोकांनी पुस्तक उघडायच्या आतच तू तोंडावर आपटलास. याला सुद्धा एक कौशल्य लागतं.

पान बारा: ‘सुयांची झाडं वर्षभर हिरवी राहतात.’ लार्चला हे कळवलंस का? तो दर हिवाळ्यात पिवळा पडतो आणि सगळ्या सुया झाडून मोकळा होतो. पान एकतीस: ‘स्प्रूसच्या सुया जोडीनं येतात.’ जोडीनं, तिघींनी, नाहीतर पाचजणींनी मिळून येतात त्या पाइनच्या, आणि बुडाशी कागदासारखं पातळ म्यान असतं. स्प्रूसची सुई एकटी येते. पान चौपन्न तर मी कामावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवलं. तिथे तू समुद्रकाठचं सुरूचं झाड घेतलंस! सुरू या कुळातलं नाहीच. ज्यांना तू त्याच्या सुया म्हणतोस त्या बारीक हिरव्या काड्या आहेत. ओढली की काडी सांध्यात सुटते. पानं म्हणजे त्या सांध्यावरचे दाते, भिंगाखाली धरल्याशिवाय नीट दिसत नाहीत. पण भिंग हातात धरलं तर फोटोत चेहरा झाकला जातो, नाही का?

बाबा वखारीतून घरी आले की आपल्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. हात पाठीमागे. तळहातावर डहाळी ठेवायचे आणि म्हणायचे, “बघायचं नाही. चाचपून सांगा.” सुई दोन बोटांत फिरवायची. सहज फिरली तर चौकोनी अंगाची, म्हणजे स्प्रूस. फिरेना, चपटी लागली, तर फर किंवा यू. मी सांगायचे. तू मान वळवून बघायचास आणि बघूनही चुकायचास. बाबा हसायचे. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

तू म्हणशील, ‘ताई, ऑक्टोबरात मी तुला छापायच्या आधी सगळी पानं पाठवली होती.’ पाठवली होतीस. मी त्या गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडली नाही. वर ‘छापून टाक’ अशी चिठ्ठी डकवली आणि उलट टपालानं परत धाडला. वनस्पती संस्थेच्या संग्रहालयात माझ्या टेबलावर वाळलेल्या डहाळ्यांचा ढीग असतो. त्यांना ओळख देणं हे माझं काम आहे. तुला देणं नाही.

प्रत मिळाली, हे कळवण्यासाठी हे पत्र.

तुझी ताई


१९ मार्च

धाकट्या,

एवढं झोडपल्यावर माणूस गप्प बसतो किंवा उलट बोलतो. तू आभार मानतोस! ‘ताई, तुझं अक्षर बघून इतका आनंद झाला की पाकीट फोडायलाच दहा मिनिटं लागली.’ दहा मिनिटं तू काय करत होतास? पाकिटाचा फोटो काढत होतास?

पहिली आवृत्ती संपत आली म्हणतोस, दुसरी मे महिन्यात निघेल, तोवर मला दिसलेल्या चुकांची यादी पाठव म्हणतोस. यादी तयार आहे. सत्तेचाळीस चुका आहेत, पानांच्या क्रमानं, स्वच्छ अक्षरात. पाठवणार नाही.

का, ते ऐक. आपण दोघांनी मिळून पुस्तक करायचं ठरवलं होतं, ते आठवतं? मजकूर तुझा, चित्रं माझी. तीन वर्षं मी रोज कामावरून आल्यावर खिडकीशी बसून काढत होते. चौऱ्याहत्तर चित्रं झाली. सुई वरून, सुई खालून, सुई उपटल्यावर फांदीवर उरणारी खूण. स्प्रूसची खूण म्हणजे बारीक खुंटी, फांदी कानशीसारखी खरखरीत लागते. फरची खूण गोल आणि सपाट. हे फोटोत येत नाही, कारण कॅमेऱ्याला काय बघायचं ते कळत नाही. बहुतेकदा तो धरणाऱ्यालाही कळत नाही.

आणि मग तुझं तीन ओळींचं पत्र आलं. ‘ताई, प्रकाशक म्हणतात चित्रं आता कोणी बघत नाही. फोटो हवेत. तुझी मेहनत वाया जाणार नाही, कळवतो.’ कळवतो! तो प्रकाशक बुडाला, दुसरा मिळाला, अकरा वर्षं उलटली. तुझं कळवणं काही आलं नाही. चित्रं कपाटात आहेत. मी ती कोणाला दाखवत नाही आणि स्वतःही काढून बघत नाही.

तेव्हा यादी माझ्याजवळच राहील. तुझ्या वाचकांत कोणी जाणता निघाला तर तो तुला भर सभेत विचारेल, आणि त्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसलेली असेन. तेवढं निमंत्रण मात्र आठवणीनं पाठव.

रविवारच्या तुझ्या रानफेरीला मी येणार नाही. चाळीस माणसं एका झाडाभोवती उभी करून ‘याला मिठी मारा’ म्हणणाऱ्याच्या मागे फिरायचं माझं वय नाही. तुझंही नाही.

ताई


२ एप्रिल

हे पत्र हातात पडताच आधी प्रकाशकाकडे जा, बाकीचं नंतर वाच. पुस्तक दुकानातून काढायला लाव. आजच्या आज. तुला दोनदा फोन केला, तू रानात असशील, लागला नाही.

आता काय झालं ते सांगते.

सकाळी दहाला इस्पितळातला शिपाई माझ्या टेबलावर एक बरणी आणि एक प्लास्टिकची पिशवी ठेवून गेला. पाठोपाठ फोन. डॉक्टर बाई होत्या, आवाजावरून तरुण.

“बाई, एका पेशंटच्या हृदयाचे ठोके बत्तीसवर आलेत. त्यांनी हा पाला उकळून प्यायलाय. बायको म्हणते फर आहे, पुस्तकात बघून तोडला. पण फरनं असं होईल का?”

“नाही होणार,” मी म्हटलं. “थांबा. फोन ठेवू नका.”

बरणीतली डहाळी ओली होती, उकळून मऊ पडलेली. पिशवीत एक कोरडी होती, ती घेतली. चपट्या सुया, दोन्ही बाजूंना, पिसासारख्या. वरून कोणालाही फर वाटावी. उलटी केली. फरच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असतात, खडूनं ओढल्यासारख्या. इथे नव्हत्या, नुसता फिका हिरवा रंग. सुई उपटली. फरची असती तर गोल खूण ठेवून सुटली असती. ही फांदीची हिरवी साल सोलत आली. चुरगळून हुंगली. राळेचा वास नाही. कसलाच वास नाही. मिनिटसुद्धा लागलं नसेल.

“यू आहे,” मी सांगितलं. “पानं, बिया, सगळं विषारी. हृदयावर जातं. किती प्यायले?”

“एक कप. नक्की ना? मला केस पेपरवर लिहायचंय.”

“माझं नाव लिहा.”

मग मी विचारलं, कुठलं पुस्तक. विचारायची गरज नव्हती.

माणूस घड्याळजी आहे. आमच्या गावातच, बस स्थानकासमोर त्याचं दुकान आहे. गेल्या महिन्यात तुझ्या फेरीला आला होता, नवराबायको दोघंही. पुस्तकावर तुझी सही आहे, ‘रानाचा घोट घ्या’ असं लिहून. पान अठ्ठ्याऐंशीवर फोटो यूचा आणि खाली नाव फरचं. पान एकोणनव्वदवर कृती: ‘मूठभर कोवळी पानं, दोन कप पाणी, दहा मिनिटं मंद आचेवर.’ वाचनालयाच्या कुंपणाला यूच लावलाय, कात्रीनं छाटलेला. तिथून त्यानं मूठभर आणली. बायकोला एका घोटातच कडू लागलं, तिनं मोरीत ओतलं. तो म्हणाला, कडू आहे म्हणजे गुणकारी असणार. सगळा प्यायला.

फोन ठेवला आणि मी चपला घालून समोरच्या पुस्तकाच्या दुकानात गेले. दारातल्या टेबलावर तुझी आठ पुस्तकं रचून ठेवली होती, तुझा तो फोटो आठ वेळा. मी उचलली.

“बाई, आठही घेताय?” दुकानदार खूश झाला.

“एकही घेत नाहीये आणि तुम्ही एकही विकायचं नाही.”

“अहो, पण का?”

“यातलं वाचून एक माणूस मरायला टेकलाय, म्हणून. आत ठेवा. ज्यांनी पुस्तक नेलंय त्यांच्यापैकी कोणाला फोन करता येत असेल तर करा.”

 मग त्यानं स्वतःच ती आत नेली. त्यानं तिघांना फोन केले, मी उभी राहून करवून घेतले.

माझ्या यादीत हे होतं. सत्तेचाळीसपैकी एकोणिसावं. यादी सोबत जोडली आहे.

घड्याळजी अजून शुद्धीवर नाही.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

घड्याळजी वाचला. चार दिवस छातीत तार घालून हृदय चालवलं, पाचव्या दिवशी त्याचं ते चालायला लागलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, झाड वेळेवर ओळखलं म्हणून नेमके उपचार देता आले. इस्पितळाकडून संस्थेला आभाराचं पत्र आलं, संचालकांनी ते फळ्यावर लावलं. येता-जाता लोक मला हसून मान डोलावतात. मी त्या बाजूनं जायचं सोडलंय, मागच्या जिन्यानं चढते.

परवा संचालकांनी बोलावलं. तुझ्या पुस्तकाच्या चौकशीला समिती नेमली आहे, त्यात एक डॉक्टर, एक वकीलसाहेब आणि आमचे संचालक. म्हणाले, “बाई, काल तुमच्या भावाची साक्ष झाली.”

“काय म्हणाला?”

“सगळं कबूल केलं. वकीलसाहेबांनी तीन वेळा विचारलं, छापण्याआधी कोणा जाणकाराला दाखवलं होतं का? तीन वेळा म्हणाले, कोणालाही नाही.” मग म्हणाले, “खरं सांगू? तुमच्यासारखी बहीण असून दाखवलं नाही, याचं नवल वाटलं.”

मी उठून मागच्या जिन्यानं माझ्या टेबलाशी गेले. आणि काल तुझं पत्र आलं.

‘ताई, गठ्ठा मी शेगडीत घातला. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात तुझा पेन्सिलीचा ठिपका होता. अठ्ठ्याऐंशीवर होता, एकोणनव्वदवरही होता. तू वाचल्यावर ठिपका देतेस, लहानपणापासून, मला माहीत आहे. ते मी ऑक्टोबरातच बघितलं होतं. तू सगळं वाचून ‘छापून टाक’ म्हणालीस म्हणून तर मी निश्चिंत झालो. आता कोणाला काही कळणार नाही. तू काळजी करू नकोस.’

काळजी करू नकोस! तू कोण रे मला माफ करणारा? तुला फर आणि यू कळत नाही, आणि माझ्या गुन्ह्याचा पुरावा जाळायचा की ठेवायचा हे तू परस्पर ठरवणार? विचारलंस मला? एक गठ्ठा, त्यात माझं जे काही होतं ते, आणि तू नेहमीसारखा न विचारता निकालात काढलास. तुझ्या भलेपणाचासुद्धा मला राग येतो, कारण त्यातही गबाळेपणा आहे.

आता नीट सांगते. सुतळी सोडली नाही असं मी चार मार्चला लिहिलं, ते खोटं होतं. पत्र वाचताना तुला कळलंच असणार, आणि तरी तू आभार मानलेस. मी सुतळी त्याच दिवशी सोडली. तीन संध्याकाळी बसून सगळं वाचलं. दर चुकीला मला बरं वाटत होतं. खाऊ पुरवून पुरवून खावा तसं मी वाचत होते. अठ्ठ्याऐंशीवर आले तेव्हा मोठ्यानं हसले. खोलीत कोणी नव्हतं. मला वाटलं, वा, याला यू आणि फर कळत नाही, आता सगळ्या गावाला कळेल की याला कळत नाही.

मग एकोणनव्वद उलटलं. कृती वाचली. हे मी नीट लिहिते आहे, कारण हेच मला लिहायचं नाहीये. ओझरतं नाही वाचलं. चष्मा लावून, दोनदा वाचलं. ‘दहा मिनिटं मंद आचेवर.’ मला कळलं होतं. यूनं काय होतं ते मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे, बाबांनी पहिल्यांदा हातावर ठेवला तेव्हा सांगितलं होतं, हा तोंडात घालायचा नाही. मी स्वतःची समजूत घातली की पुस्तकात बघून खरोखर पाला उकळणारा माणूस जगात नसतो. ठिपका दिला. पुढचं पान घेतलं.

आणि मार्चात तू यादी मागितलीस, तेव्हा परत एकदा संधी आली होती. त्याही वेळी मी पुढच्या रांगेत बसायच्या गोष्टी केल्या.

तुझी चूक अडाणीपणाची आहे. माझी तशी नाही. तुझ्या ओळखीतला सर्वांत मोठा जाणकार त्या पानावर बोट ठेवून गप्प बसला होता, आणि समिती अडाण्याला धरून बसली आहे.

वीस तारखेला मी समितीपुढे जाते आहे.

ताई


२० एप्रिल

धाकट्या,

समितीपुढे जाऊन आले.

मी सांगितल्यावर वकीलसाहेब म्हणाले, “याला काही पुरावा?”

“नाही. जळला.”

“तुमचे बंधू म्हणतात, कोणालाच दाखवलं नव्हतं.”

“माझ्या बंधूंना बघूनही झाड ओळखता येत नाही. त्यांच्या साक्षीवर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा.”

डॉक्टर हसले. आमचे संचालक हसले नाहीत. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि इतकंच विचारलं, “बाई, पान एकोणनव्वद तुम्ही पूर्ण वाचलं होतं?” मी हो म्हटलं. त्यांनी पेन परत काढलं आणि लिहिलं. तेवीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण त्यांनी माझ्याकडे न बघता लिहिलं असं पहिल्यांदाच झालं. निकाल यायचा आहे, पण आजपासून झाडांच्या ओळखचिठ्ठ्यांवर माझी सही चालणार नाही. डहाळ्या वाळवायच्या, कागदावर टाचायच्या, नाव दुसऱ्यानं लिहायचं. ठीक आहे. आभाराचं पत्र मी स्वतः फळ्यावरून काढलं, टाचण्यांसकट.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही.

बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर घड्याळजीची बायको बसली होती. तिची साक्ष माझ्यानंतर होती. बारीक चणीची आहे, साठीची असेल. मला बघून उठली, दोन्ही हात धरले.

“तुम्हीच ना त्या? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुम्ही फोन धरून ठेवून पाला ओळखलात. तुमच्यामुळे माझं माणूस परत आलं.” पिशवीतून तिनं लोकरीचे हातमोजे काढले, राखी रंगाचे, नुकते विणलेले. “थंडीत फांद्या हाताळत असाल, म्हणून बोटं उघडी ठेवलीत.”

बोटं उघडी ठेवली होती. म्हणजे तिनं विचार केला होता, की या बाईला चाचपायला बोटं लागतात.

मी ते घेऊन घरी येऊ शकले असते. खरं सांगते, पाऊल उचललंही होतं. मग तिला तिथेच, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऑक्टोबर, सुतळी, दोन्ही पानं, यादी. काही कमी केलं नाही, काही सजवलं नाही.

तिनं पूर्ण ऐकलं. मधे एकदाही तोंडावर हात नेला नाही की अगं बाई म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर माझ्या हातातले हातमोजे काढून घेतले, एकात एक घडी घातले, पिशवीत ठेवले.

“तुमचा भाऊ इस्पितळात दुसऱ्याच दिवशी आला होता,” ती म्हणाली. “माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, चूक माझी आहे. मी त्याला नको नको ते बोलले. हाकलून दिला. तर तिसऱ्या दिवशी परत आला. तुम्हाला अठरा दिवस लागले.”

मी म्हटलं, “हो.”

“शिकलेल्या आहात,” ती म्हणाली. एवढंच. आयुष्यभर मी लोकांना जे टोमणे मारत आले, ते सगळे एकत्र केले तरी या दोन शब्दांइतकं वजन होणार नाही.

मग तिनंच पुढे सांगितलं. नवरा घरी आल्यापासून तू रोज येतोस. सकाळी साडेदहाच्या बसनं उतरतोस, दुकानाचं शटर उघडतोस. घड्याळजीला डॉक्टरांनी हात वर करायची मनाई केली आहे, तो मागच्या खोलीत खुर्चीत बसून असतो, आणि तू भिंतीवरच्या सव्वीस घड्याळांना किल्ली देतोस. तो खुर्चीतून सांगतो, कुठल्याला किती फेरे. तुम्ही दोघं बाकी काही बोलत नाही. बारा वाजता सगळी वाजतात, ती ऐकून तू निघतोस.

इतके दिवस! साडेदहाच्या बसनं! ती बस माझ्या संस्थेच्या फाटकावरून जाते. रोज सकाळी तू माझ्या खिडकीखालून जात होतास आणि मी वर बसून तुझ्याबद्दल काय काय विचार करत होते, ते तुला न कळलेलंच बरं. एका दिवशी उतरून वर का नाही आलास? आला असतास तर मी तुला जिन्यावरूनच परत धाडलं असतं, हे तुला ठाऊक होतं म्हणून. बरोबर आहे. माणसं तुला ओळखता येतात. मला फक्त झाडं.

मी तिला विचारलं, “मी आले तर चालेल?”

ती परत बाकावर बसली. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. पदर सावरून उठताना म्हणाली, “ह्यांना गडबड सोसत नाही. यायचं तर या, पण तोंड उघडायचं नाही. माफी नको, झाडांची माहिती नको. स्टूल लागतं वरच्या घड्याळांना. त्याला एकट्याला चढावं लागतं, त्याचा गुडघा दुखतो असं दिसतं. स्टूल धरा.”

तुझा गुडघा दुखतो, हे मला माहीत नव्हतं.

तर परवा मी येते, तोवर हे पत्र पोचेल. साडेदहाला बस स्थानकावर उभी असेन. आपल्या दोघांत काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये, तेव्हा तिथपर्यंत गप्पच चालू या, सराव होईल. स्टूल मी धरते. पण धाकट्या, एखादं खालचं घड्याळ मलाही दे, आणि किल्ली कुठे थांबवायची ते दाखव. मी जास्त पिळेन अशी मला भीती वाटते.

ताई